दहा अंशांच्या खाली

आमच्या इमारतीत ऋतू निसर्ग बदलत नाही, समिती बदलते. वसंत ऋतूच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी बॉयलरवाला तळघरातून हात पुसत वर येतो, मुख्य दाराशी उभा राहून "झालं" म्हणतो आणि हिवाळा संपतो. घरोघरच्या भिंतींतले गरम पाण्याचे नळ हळूहळू गार पडतात. त्यानंतर थंडी पडली तर ती बेकायदेशीर समजली जाते.

यंदाही बॉयलरवाला "झालं" म्हणाला आणि बॅग उचलून मेहुण्याकडे निघून गेला. आवारातल्या झाडाला गुलाबी फुलं आली होती. आईने रजया उन्हात घालून, डांबरगोळ्या टाकून मोठ्या ट्रंकेत भरल्या, वर शिवणाच्या मशीनचं जुनं झाकण ठेवलं आणि त्यावर दिवाणखान्यातली कुंडी. म्हणजे आता ट्रंक उघडायची तर बागकाम करावं लागणार होतं. दुसऱ्याच दिवशी उत्तरेकडून वारा सुटला. त्याला समितीचा ठराव कुणी दाखवला नसावा. फुलं गळून पडली, मग गारा पडल्या, मग फुलं आणि गारा मिळून एकदमच पडू लागल्या. घरात चहाच्या कपातून जेवढी वाफ निघे, तेवढीच बाबांच्या तोंडातून निघू लागली. बाबा दोन स्वेटर घालून, हातमोज्यांनी वर्तमानपत्राची पानं उलटत बसत. एका वेळी दोन-तीन पानं उलटली जात, त्यामुळे त्यांना बऱ्याच बातम्यांचा शेवट कळत नसे. "बरंच आहे," ते म्हणायचे.

एवढं सगळं आम्ही निमूट सोसलं असतं. पण त्याच आठवड्यात ताईला मुलगी झाली. पोर जरा घाईने आली, म्हणून डॉक्टरांनी तिला दोन आठवडे इस्पितळातच ठेवून घेतलं आणि बजावलं, "घरी न्याल तेव्हा घर उबदार हवं." ताईने आधीपासून ठरवलं होतं की ती पहिले दोन महिने आमच्याकडे राहणार. आईने पाळणा धुतला होता, लंगोट शिवले होते, माझी खोली काढून घेतली होती. आणि आता ताईच्या सासूबाईंचा निरोप आला: "आमच्याकडे दोन हीटर आहेत. पोरीला थेट इकडेच आणलेलं बरं. तुमच्याकडे काय, बॉयलर बंद असतो म्हणे."

त्यातला 'म्हणे' आईला फार लागला.

"बंद असतो म्हणे," ती कणीक तिंबत म्हणाली. "जसं काही मी बंद केलाय."

बाबांनी एक हीटर मागून आणला. तो लावताच आमच्या मजल्यावरचे सगळे दिवे गेले. इमारतीतल्या वायरी बॉयलरच्या भरवशावर टाकलेल्या आहेत, त्यांना उष्णतेची सवय नाही. समोरच्या शिवणवाल्या काकू अंधारात दार उघडून म्हणाल्या, "कुणाचं काय जळलं ते जळू दे, पण माझ्या मशीनखाली नवरीचा ब्लाउज आहे आणि एकच बाही झालीय." हीटर परत गेला. उरला बॉयलर.

बॉयलर पुन्हा पेटवण्याचा एक नियम आहे. इमारतीच्या थर्मामीटरचा पारा सकाळी सात वाजता, सलग तीन दिवस, दहा अंशांच्या खाली दिसला तर बॉयलर पेटवावा. तसाच तो सलग तीन दिवस पंधराच्या वर दिसला तर विझवावा. आकडा खालच्या मजल्यावरच्या फळ्यावर खडूने लिहावा, आणि तो लिहिणारा रहिवासी 'विज्ञान शिकलेला व निःपक्षपाती' असावा. आधी हे काम एक निवृत्त शास्त्रशिक्षक करत. ते मुलाकडे राहायला गेले, तेव्हा सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी भौतिकशास्त्राचा पदवीधर आहे, आणि एका प्रयोगशाळेत नोकरी करतो. आमच्याकडे थर्मामीटर, तराजू, मोजपट्ट्या तपासणीला येतात. ती खरं बोलतात की खोटं, आणि खोटं तर किती, एवढं आम्ही लिहून देतो. हे काम करणारा माणूस घरी फारसा लोकप्रिय नसतो. "भाजीत मीठ कमी आहे का?" या प्रश्नाला मी एकदा "कशाच्या तुलनेत?" असं विचारलं होतं. आई अजून ते पाहुण्यांना सांगते.

पहिल्या सकाळी मी खाली गेलो. थर्मामीटर टपालपेट्यांच्या वर, आतल्या भिंतीवर लटकलेला. जुना, पाऱ्याचा, लाकडी पट्टीवरचा, एका अंशाचे पाच भाग दाखवणाऱ्या बारीक रेघांचा. अशी चीज हल्ली मिळत नाही. त्यावर सोळा अंश होते. माझ्या नाकावर मात्र फार तर सहा असावेत.

"काय शास्त्रज्ञ, काय म्हणतोय पारा?" वरून कानटोपी काका उतरले. हे सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतात आणि कानटोपी काढत नाहीत. ऐकू येत नाही म्हणून ते मोठ्याने बोलतात, आणि टोपीमुळे ऐकू येत नाही हे त्यांना सांगायचं तरी टोपीमुळेच ऐकू येत नाही.

"सोळा," मी म्हणालो.

"सहा? मग पेटवा की."

मी फळ्यावर सोळा लिहिलं. काकांनी फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि एकही शब्द न बोलता वर निघून गेले. एवढे हळू ते याआधी कधी बोलले नव्हते.

सोळा कसे? हा प्रश्न मला दिवसभर छळत होता. दुसऱ्या सकाळी मी भिंतीला हात लावून पाहिला. भिंत कोमट होती. मग गाल लावला. त्याच वेळी दूधवाला आला, आणि भिंतीला गाल लावून डोळे मिटलेल्या मला पाहून किटली तिथेच ठेवून गेला. पण शोध लागला होता. भिंतीच्या पलीकडे समितीच्या अध्यक्षांचं स्वयंपाकघर होतं. अध्यक्षीणबाई दुकानांना बिस्किटं पुरवतात, त्यांची भट्टी पहाटेपासून चालू असते. आमचा थर्मामीटर इमारतीचं हवामान नव्हे, तर बिस्किटांची प्रगती दाखवत होता.

मी हे आईला सांगितलं. तिने फक्त विचारलं, "म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघरात दिवसभर ऊब असते?" मी म्हणालो, "हो, पण मुद्दा तो नाही." ती पाळण्यातल्या दुपट्याची घडी घालू लागली. मला वाटलं तिला मुद्दा कळला.

थर्मामीटर हलवायचा तर सभा हवी. तातडीची सभा दुसऱ्या दिवशी खालच्या मोकळ्या जागेत भरली. सगळे शाली, पांघरुणं, एक जण तर गालिचा गुंडाळून आला होता. फक्त अध्यक्ष अर्ध्या बाह्यांच्या शर्टात होते. त्यांचीही बाजू आहे. त्यांच्या घराच्या एका बाजूला भट्टी आणि खाली बॉयलर. हिवाळाभर ते खिडक्या उघड्या टाकून, ओला टॉवेल खांद्यावर घेऊन बसतात. बॉयलर बंद झाला की त्यांना पहिल्यांदा वसंत ऋतू दिसतो.

"थर्मामीटर त्या भिंतीवर कायम होता," ते म्हणाले. "आजच बिघडला काय?"

"बिघडला नाही," मी म्हणालो. "तो खरंच सांगतोय. फक्त तुमच्या घराबद्दल सांगतोय."

"माझ्या बाथरूममध्ये लावा," कानटोपी काका गरजले. "तिथे काल साबण फुटला."

शेवटी ठराव आला की थर्मामीटर बाहेर, आवारात, शास्त्रीय पद्धतीने लावावा. अध्यक्ष म्हणाले, "मान्य असेल त्यांनी हात वर करा." एकही हात वर आला नाही. शालीतून हात बाहेर काढायला कुणी तयारच नव्हतं. ठराव पडणार एवढ्यात शिवणवाल्या काकू म्हणाल्या, "नको असेल त्यांनी वर करा ना." एकच उघडा हात वर गेला, अध्यक्षांचा. ठराव मंजूर झाला.

शास्त्रीय पद्धत म्हणजे पांढरी पेटी, चारी बाजूंना तिरप्या पट्ट्या, दार उत्तरेला, जमिनीपासून माणसाच्या छातीएवढी उंच. हवा आत यावी, ऊन येऊ नये. लाकूड कुठून आणणार? आमच्या घरात तिरप्या पट्ट्यांची एकच वस्तू होती, ती म्हणजे चपलांचं कपाट. रविवारी संध्याकाळपर्यंत आमच्या चपला दारात रांगेने उभ्या होत्या आणि आवारात एक देखणी पेटी उभी होती. बाबा खाली येऊन तिच्याभोवती फिरले. "छान आहे," ते म्हणाले. "अजून चपलांचा वास येतो, पण पाऱ्याला नाक नसतं."

सोमवारी सकाळी सात वाजता पारा एकतीस अंशांवर होता. वारा कान कापत होता. मी पेटीचं दार पूर्ण उघडलं. आत आवारातलं राखाडी मांजर थर्मामीटर पोटाशी घेऊन झोपलं होतं. त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. भाडेकरूने घरमालकाकडे पाहावं तसं. मी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. खिडकीतून आई ओरडली, "हाकलू नकोस रे तिला, पोटुशी आहे!" मी तिला अलगद उचलून खाली ठेवलं आणि दाराला कडी लावली. त्या दिवशी आमचे संबंध बिघडले.

मंगळवारी पारा साडेआठ. बुधवारी नऊला थोडा कमी. इमारतीत चैतन्य आलं. लोक कामावर जाताना फळ्यासमोर थांबू लागले. बॉयलरवाल्याच्या मेहुण्याला फोन गेला. ताई गुरुवारी संध्याकाळी सुटणार होती. गुरुवारी सकाळी अर्धी इमारत माझ्यामागे पेटीपाशी उभी होती. मी डोळा पाऱ्याच्या पातळीला आणला. वरून पाहिलं तर आकडा चुकतो. मागून काका म्हणाले, "श्वास रोखा सगळे, गरम होईल."

नऊ पूर्णांक आठ.

शिवणवाल्या काकूंनी माझी दृष्ट काढायचीच तेवढी बाकी ठेवली. आईने जिन्यातूनच ताईला फोन लावला. "ये ग. पेटतोय आज. आणि सासूबाईंना सांग, इथे आता भिंतीसुद्धा गरम असतील."

मी प्रयोगशाळेत जायला निघालो, आणि फाटकाशी एक विचार आला. या थर्मामीटरची तपासणी कधी झाली होती? मी परत फिरलो, तो काढून, रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात ठेवला. निव्वळ कुतूहल. ज्याचा धंदा हा, त्याने घरचा थर्मामीटर न तपासता फिरावं हे मला शोभण्यासारखं नव्हतं. प्रयोगशाळेत कुटलेल्या वितळत्या बर्फात तो ठेवला. शून्य दाखवायला हवं होतं. पारा शून्याच्या खाली अर्ध्या अंशावर जाऊन थांबला. मी दोनदा केलं, तिसऱ्यांदा साहेबांना दाखवून केलं. "सुंदर," साहेब म्हणाले, "सगळीकडे सारखाच अर्धा अंश कमी दाखवतोय. इतकी नियमित चूक हल्ली बघायला मिळत नाही."

नऊ पूर्णांक आठ म्हणजे खरे दहा पूर्णांक तीन.

संध्याकाळी मी फळ्यावर गुरुवारच्या आकड्यापुढे दुरुस्ती लिहिली. खडू तिथल्या तिथे ठेवला. मागे कधी माणसं जमली कळलं नाही.

"हे काय?" शिवणवाल्या काकू म्हणाल्या.

"खरा आकडा."

"आधीचा खोटा होता?"

"आधीचा थर्मामीटरचा होता."

अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असा प्रामाणिक मुलगा या इमारतीत आहे, याचा मला अभिमान वाटतो," ते म्हणाले. इतका अपमान माझा आयुष्यात झाला नव्हता. तळघराच्या दाराशी बॉयलरवाला बॅग घेऊन उभा होता, नुकताच आलेला. "मग मी जाऊ की राहू?" त्याने विचारलं.

वर आई पाळण्याला दोरी बांधत होती. मी दारातच सांगून टाकलं. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

"अर्धा अंश," ती म्हणाली.

"अगं, तत्त्वाचा प्रश्न आहे. दुरुस्ती माहीत असताना न लिहिणं म्हणजे..."

"पोरगी टॅक्सीत बसलीय."

"हो, पण..."

"अहो," तिने बाबांना हाक मारली, "पाळणा धरा दुसरीकडून."

आणि दोघं पाळणा घेऊन जिना उतरू लागले. मी मागे मागे. मला वाटलं, चिडून पाळणा ताईच्या सासरी पाठवायला निघाली. ती थेट अध्यक्षांच्या दाराशी थांबली, बेल वाजवली, आणि अध्यक्षीणबाईंनी दार उघडताच म्हणाली, "वहिनी, पोर आठ-पंधरा दिवस तुमच्या स्वयंपाकघरात राहील. भिंत कोमट असते असं आमच्याकडे शास्त्रीय पद्धतीने सिद्ध झालंय."

अध्यक्षीणबाई पिठाचे हात पुढे करून उभ्या राहिल्या. "अगं बाई, या की," त्या म्हणाल्या. "बिस्किटांचे डबे सरकवते."

टॅक्सी आली. ताई उतरली, एका मोठ्या गाठोड्यातून एक छोटं नाक बाहेर होतं. माझी भाची पहिल्या रात्री अध्यक्षांच्या घरी, भट्टीच्या शेजारी झोपली. म्हणजे तशी झोपली नाही. आणि मग इमारत लोटली. बाळ बघायला सगळे आले. बाळ बघून झाल्यावर ऊब बघून कुणी उठेना. कानटोपी काकांनी आयुष्यात प्रथमच टोपी काढून खुंटीला लावली, आणि लक्षात आलं की त्यांना उत्तम ऐकू येतं. शिवणवाल्या काकू मशीनच घेऊन आल्या. "त्या नवरीची दुसरी बाही इथेच शिवते, हात चालतात इथे." सकाळी न्याहारीच्या आधी माणसं हजर, संध्याकाळी जेवून पुन्हा हजर. अध्यक्ष ओला टॉवेल खांद्यावर टाकून स्वतःच्याच घरात बसायला जागा शोधत फिरत. पोर रडायला लागली की चौदा जण एकाच वेळी तिला गप्प करायचा उपाय सांगत, आणि ते ऐकून ती आणखी रडे.

चौथ्या दिवशी संध्याकाळी अध्यक्ष जिन्यात उभे राहून बॉयलरवाल्यावर ओरडले. ते ओरडलेले मी प्रथमच ऐकले.

"पेटव."

"पण साहेब, फळ्यावर तर..."

"फळा पुसून टाक आणि पेटव. आणि ही सगळी माणसं आपापल्या घरी जाऊ देत."

तासाभरात इमारतीतले नळ खडखडले, मग गरम झाले. पाळणा वर आला. आईने सासूबाईंना फोन केला आणि अर्धा तास हवापाण्याबद्दल बोलली. इतक्या गोड आवाजात ती एरवी फक्त विमा एजंटला नाही म्हणते.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं.

साधं ऊन नव्हे. भर उन्हाळ्याचं, झाडावर उरलेल्या कळ्या एकदम फोडणारं. चार दिवसांत लोक बनियनवर आले. वर कानटोपी काका उघड्या डोक्याने गॅलरीत बसलेले दिसले. बॉयलर मात्र नियमाने चालू होता. समितीच्या नियमाला 'पेटव' म्हणून बगल देता आली, पण 'विझव' म्हणायला अध्यक्षांनाही धीर होईना. नियम मोडून पेटवल्यावरून समितीत झालेलं भांडण अजून ताजं होतं. पोरीच्या मानेवर, काखेत बारीक लाल पुरळ उठलं.

"घामोळं," ताई म्हणाली. "अरे, तू काहीतरी कर. तुझ्या त्या पेटीने."

विझवायचं तर सलग तीन सकाळी पारा पंधराच्या वर हवा. दुपारी तीसच्या वर गेलेली हवा पहाटे मात्र तेराच्या आसपास उतरत होती. मी पुन्हा थर्मामीटर घेऊन पेटीपाशी गेलो. त्या दिवशी तो काढून नेला तेव्हा दार उघडंच राहिलं होतं. आत राखाडी मांजर होतं, आणि तिच्या पोटाशी चार पिल्लं.

तिने मला ओळखलं. यावेळी दोन्ही डोळे उघडले.

बाळंतिणीला घराबाहेर काढणं कुठल्याही शास्त्रीय पद्धतीत बसत नाही. मी थर्मामीटर होता तिथे, खिळ्याला टांगला. मांजराने अंग वळवलं आणि पारा वर निघाला. सकाळी सात वाजता मी तो पाहिला, डोळा बरोबर पातळीला आणून. नियम काढून वाचला. नियमात 'पारा' असा शब्द आहे. हवेचा की कुणाचा, हे लिहिलेलं नाही. मी फळ्यावर लिहिलं: ३६.४. आणि पुढे, कारण तत्त्व ते तत्त्व: दुरुस्ती धरून ३६.९.

अध्यक्ष फळ्यासमोर उभे राहिले. "पहाटे सातला?"

"पेटीत," मी म्हणालो.

त्यांनी खिडकीतून पेटीकडे पाहिलं. तिरप्या पट्ट्यांतून एक शेपूट बाहेर आलेलं होतं. त्यांनी टॉवेलने मान पुसली. "शिकलेल्या माणसाचं काम वेगळंच असतं," ते म्हणाले.

सलग तीन दिवस मांजराने आपलं तापमान काटेकोर सांभाळलं. तिसऱ्या संध्याकाळी बॉयलरवाला तळघरातून हात पुसत वर आला, "झालं" म्हणाला आणि बॅग उचलून मेहुण्याकडे गेला. पोरीचं पुरळ उतरायला लागलं. आईने रजया पुन्हा उन्हात घालून पुन्हा ट्रंकेत भरल्या, झाकण ठेवलं, त्यावर कुंडी ठेवली. मला दोन दिवस भाजी वाढताना काही विचारलं गेलं नाही.

चौथ्या सकाळी मी निव्वळ सवयीने खाली गेलो. पेटीचं दार उघडं होतं. आत पिल्लं नव्हती, मांजर नव्हतं, पिल्लांखालची चिंधी गार पडली होती. वळून पाहिलं तर मांजर अध्यक्षांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत शिरत होतं, तोंडात शेवटचं पिल्लू धरून. आकाश निरभ्र होतं. झाडाचं पानही हलत नव्हतं. पारा बाराच्या पुढे होता, काळजी करण्यासारखं काही नव्हतं. मी फळ्यावर काहीच न लिहिता वर आलो, कुंडी जमिनीवर ठेवली, मशीनचं झाकण काढलं आणि आवाज न करता ट्रंक उघडली.

"किती आहे?" वर्तमानपत्रामागून बाबांनी विचारलं.

"मांजर आत गेलंय," मी म्हणालो.

बाबांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं, पोरीला शालीत गुंडाळून उचललं आणि अध्यक्षांच्या घराकडे जिना उतरू लागले. मी पाळण्याचं एक टोक धरलं. दुसरं टोक आईने आधीच उचललेलं होतं.